आजचं चिंतन : पाण्यात एकटा मार्कंडेय

आजचं वाचन : महाभारत, वनपर्व. मार्कंडेय ऋषींनी सांगितलेली प्रलयाची गोष्ट.

सकाळच्या वाचनात सध्या वनपर्व चालू आहे, हे रोज येणाऱ्या वाचकांना माहीत आहेच. आज मार्कंडेयांपाशी आलो. मी चामोर्शीचा. मार्कंडादेव आमच्या गावापासून जवळच. वैनगंगा तिथं वळून उत्तरेकडे वाहते, म्हणून त्या जागेला उत्तरवाहिनी म्हणतात, आणि महाशिवरात्रीला तिथं मोठी जत्रा भरते. मार्कंडेयाची गोष्ट म्हटली की आमच्याकडच्या लहान मुलालाही एकच गोष्ट आठवते : सोळा वर्षांचं आयुष्य, यमाचा पाश आणि पिंडीला मारलेली मिठी. वनपर्वातली गोष्ट त्याच्या पुढची आहे. मरण टळल्यावर त्या माणसाचं काय झालं, ती.

गोष्ट थोडक्यात अशी. युग संपतं, सगळं पाण्याखाली जातं, आणि चिरंजीव असल्यामुळे मार्कंडेय एकटा उरतो. पाण्यात तरंगतोय, पोहतोय, थकतोय, पण टेकायला जागा नाही. मग त्याला पाण्यात एक प्रचंड वड दिसतो, त्याच्या फांदीवर बिछाना, आणि बिछान्यावर एक लहान मूल. भूत, वर्तमान, भविष्य जाणणारा हा ऋषी, पण हे मूल कोण, ते काही त्याला ओळखता येईना. मूल मात्र त्याला ओळखतं. नावानं हाक मारतं आणि सांगतं की तू थकलायस हे मला माहीत आहे, ये, माझ्यात राहा, तुझ्यासाठी जागा केली आहे. मार्कंडेय त्याच्या मुखातून आत जातो तर आत सगळी पृथ्वी! गंगा, यमुना, नर्मदा, गोदावरी, नगरं, माणसं, सगळं जिथल्या तिथं. शंभरावर वर्षं तो आत फिरतो, पण शेवट काही सापडत नाही.

एक गोष्ट आज पहिल्यांदाच नीट लक्षात आली. ही कथा तो सांगतोय कोणाला? पांडवांना. कुठं? काम्यक वनात. घर गेलेलं, राज्य गेलेलं, वनवास चालू. घराबाहेर पडलेल्या माणसांना, घर बुडालेला एक म्हातारा आपली गोष्ट सांगतोय. म्हणजे ही प्रलयाची गोष्ट तर आहेच, पण परकं होण्याचीही आहे. आज त्यावरच लिहितो, कारण आमच्या घरात सध्या तोच विषय आहे.

मी जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये, सहा वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी करतोय. इथल्या नागरिकत्वाचा नियम जून 2024 पासून बदलला : पूर्वी साधारण आठ वर्षं राहावं लागायचं, आता पाच पुरतात. जर्मनी म्हणतं, जुनं नागरिकत्व ठेवा, आमची हरकत नाही. पण आपला भारताचा कायदा तसा नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. नंतर ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर येता-जाता येतं, पण मत देता येत नाही. फॉर्म भरून ठेवलाय. सही व्हायची आहे. फोनवर आईला सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “तिकडचा झाला तं आमचा राहशील ना रे बाबू?”

या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला एक सेकंद लागतो. त्या ‘हो’चा अर्थ काय, हे सांगायला मात्र हा सगळा लेख लागणार आहे.

आधी धक्क्याबद्दल. परदेशात गेलेल्या माणसाला धक्का बसतो म्हणतात. कशाचा बसतो? लोकांना वाटतं, खाण्याचा, थंडीचा, भाषेचा. ते सगळं आहेच. डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो. रविवारी दुकानं बंद असतात, आणि रविवारी घरात ड्रिल चालवलं तर शेजारी नाराज होतात. ऑफिसात सगळे एकमेकांना एकेरीत बोलतात, मॅनेजरलाही, आणि कोड रिव्ह्यूत ‘हे असं चालणार नाही’ असं तोंडावर सांगतात. त्यात राग नसतो, जेवायला मग बरोबरच बसतात. याची सवय वर्षभरात होते. तसं पाहिलं तर माझा पहिला परदेश पुणं होता. चंद्रपूरला इंजिनिअरिंग करून तिकडं गेलो, आणि ‘मी येऊन राहिलो’ म्हटलं की समोरचा माणूस थांबून बघायचा. तीही सवय झालीच.

खरा धक्का वेगळा आहे. चामोर्शीत कुठंही गेलं तरी पहिला प्रश्न एकच : “कोनाचा पोट्टा होय बाबू?” बापाचं नाव सांगितलं की पुढचं सगळं आपोआप होतं. पाणी येतं, खुर्ची येते, चहा येतो. आपण कोण आहोत हे आपल्याला कधी सिद्ध करावं लागत नाही, गावानं ते आधीच लक्षात ठेवलेलं असतं. परदेशात हा प्रश्न कोणी विचारत नाही. तिथं तुम्ही कोणाचेच नसता. ऑफिसात लाख ओळींची प्रणाली सांभाळणारा माणूस बेकरीत पाव मागताना दोन वर्षांचं मूल होतो. मार्कंडेयाचं दुःख हेच असावं. पाणी खोल होतं, पण त्याहून वाईट म्हणजे त्याला ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. सगळं ज्ञान जवळ आहे, आणि त्या ज्ञानाला विचारणारं कोणी नाही.

आता प्रश्न येतो तो नीतीचा. अशा पाण्यात पडल्यावर माणसानं काय धरून ठेवायचं आणि काय सोडायचं?

आपल्याकडे याला दोन तयार उत्तरं आहेत. एक म्हणजे सगळं घट्ट धरा. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या स्वधर्माच्या श्लोकाचा दाखला देऊन लोक हे सांगतात, की परक्याचं कितीही चांगलं असलं तरी आपलं उणंदुणं बरं. दुसरं उत्तर म्हणजे ‘देश तसा वेश’. तिथं गेलास ना, मग तिथला हो. पहिल्या उत्तरानं माणूस दहा वर्षं परदेशात राहूनही तिथं पोचत नाही. दुसऱ्यानं तो पोचतो, पण पोचतो तो कोण, हा प्रश्न उरतो.

आपल्याच मातीतल्या दोन बायकांनी हा प्रश्न एकशे चाळीस वर्षांपूर्वी सोडवला होता, आणि दोघींची उत्तरं वेगवेगळी निघाली. त्यांची आठवण करू.

आनंदीबाई जोशी एप्रिल 1883 मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अठरा. जाण्याआधी त्यांनी श्रीरामपूरला भर सभेत सांगितलं होतं, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. हे सांगावं लागलं, कारण मदतीच्या मोबदल्यात धर्म बदलावा अशी अपेक्षा काही मिशनरी मंडळींनी आधी दाखवली होती. त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि मार्च 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. शब्द त्यांनी पाळला. पण नऊवारीचं काय केलं? तिकडच्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्या गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. नेसण बदललं, वचन नाही.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्या आनंदीबाईंच्या नात्यातल्याच, आणि त्यांच्या पदवीदानाला अमेरिकेत हजर होत्या. रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथं त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. म्हणजे आनंदीबाईंनी जे धरून ठेवलं तेच त्यांनी सोडलं. पण म्हणून त्या इंग्रज झाल्या का? नाही. खाणं शाकाहारीच ठेवलं, आणि त्यावरून तिथल्या वडीलधाऱ्या धर्मभगिनींशी त्यांचे वाद झाले. माझ्या श्रद्धेबद्दल मी माझ्या बुद्धीनं विचार करणार, हा हट्ट त्यांनी इथल्या शास्त्र्यांपुढे सोडला नव्हता, तो तिथल्या पाद्र्यांपुढेही सोडला नाही. अमेरिकेहून परत आल्यावर 1889 मध्ये त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. त्यात तिथल्या स्त्रियांच्या संस्थांचं मनापासून कौतुक आहे, आणि वर्णभेदावर टीकाही आहे. त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन सुरू केलं.

एकीनं धर्म ठेवला आणि नेसण बदललं. दुसरीनं धर्म बदलला आणि ताट ठेवलं. कोण बरोबर, असा निवाडा करायला मी बसलेलो नाही. माझं लक्ष दुसरीकडे गेलं. दोघींनीही ‘हे आपलं’ आणि ‘हे परकं’ अशा दोन ढिगांत सामान लावलं नाही. माझ्या आयुष्यातली कोणती गोष्ट नेसण आहे आणि कोणती वचन आहे, असं दोघींनी विचारलेलं दिसतं. आमच्या धंद्यात याला जवळचा विचार आहे. सॉफ्टवेअरच्या एका भागानं बाहेरच्या जगाला काय करून द्यायचं कबूल केलंय, त्याला इंटरफेस म्हणतात. आत ते कसं केलंय, ते इम्प्लिमेंटेशन. आतलं हवं तितक्या वेळा बदला, कोणाचं काही बिघडत नाही. कबूल केलेलं गुपचूप बदललंत, तर त्यावर विसंबलेली सगळी माणसं पडतात.

यावर एक आक्षेप तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला. अशानं तर काहीही सोडता येईल! जे जड वाटेल त्याला ‘नेसण’ म्हणायचं आणि टाकून द्यायचं. मग कसोटी काय?

मला सापडलेली कसोटी साधी आहे : मी हे सोडलं तर ओझं कोणावर पडतं?

दोन उदाहरणं देतो, दोन्ही घरातली. आमच्या घरी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना. दिवस मावळला की प्रार्थना, हे लहानपणापासूनचं. स्टुटगार्टला जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊला मावळतो आणि डिसेंबरात साडेचारला, ऐन मीटिंगमध्ये. सूर्य धरून बसलो तर प्रार्थना होणार नाही. म्हणून आम्ही ती मुलीच्या झोपायच्या वेळेला करतो, वर्षभर एकाच वेळी. यात कोणावर काही ओझं पडलं नाही. ते नेसण होतं. दुसरं उदाहरण मराठीचं. मुलगी चार वर्षांची, इथंच जन्मली, बालवाडीत दिवसभर जर्मन. घरी मराठी सोडली तर माझं फार सोपं होईल. पण त्या दिवसापासून चामोर्शीतल्या आजीला नातीशी बोलायला मधे दुभाषी लागेल. माझं ओझं हलकं होऊन ते सत्तरीतल्या बाईच्या डोक्यावर जाईल. म्हणून मराठी नेसण नाही. ते वचन आहे, मी तोंडानं कधी दिलं नसलं तरी.

गीतेतल्या स्वधर्माकडे या बाजूनं पाहिलं तर तो नकाशावरचा भाग उरत नाही. अर्जुनाला रणातून निघून जायचं होतं. त्यानं त्याची सुटका झाली असती, आणि ओझं त्याच्यावर विसंबून उभ्या असलेल्यांवर पडलं असतं. स्वधर्म म्हणजे माझ्या वाट्याचं ते ओझं, जे मी खाली ठेवलं तर दुसऱ्या कोणालातरी उचलावं लागेल. मी तरी आज असा अर्थ घेतो. तुम्हाला वेगळा लागत असेल तर जरूर लिहा.

या अर्थानं परकी माणसंही कधी कधी आपलाच धर्म आपल्याला शिकवतात. स्टुटगार्टच्या भागात ‘केअरवोखे’ नावाची रीत आहे. म्हणजे झाडण्याचा आठवडा. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी पाळीपाळीनं जिना आणि दारासमोरचा रस्ता झाडायचा. ज्याची पाळी, त्याच्या दाराला एक छोटी पाटी अडकवलेली असते. आठवडा संपला की काम करून पाटी शेजारच्या दाराला लावायची. कोणी डॉक्टर असो की ड्रायव्हर, पाटी आली की झाडू हातात. पहिल्यांदा ती पाटी माझ्या दाराला आली तेव्हा मला राष्ट्रसंतांची ग्रामगीता आठवली. ग्रामसफाईवर तुकडोजी महाराजांनी किती जीव तोडून सांगितलंय, हे आपल्या विदर्भात कोणाला सांगायला नको. पहाटे झाडू घेऊन निघणारी गुरुदेव सेवा मंडळाची माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. जिना झाडताना माझ्या मनात अगदी सरळ आलं : हे काम मला माहीत आहे, फक्त पाटी जर्मन आहे. महाराज स्वतः 1955 मध्ये जपानला जागतिक धर्म परिषदेला गेले होते. आपलं गाव इतकं घट्ट धरलेला माणूस परदेशात परका झाला नाही, याचं कारण मला त्या जिन्यावर थोडंफार कळलं.

पण मार्कंडेयाच्या गोष्टीत अजून एक गोष्ट आहे, आणि आजच्या चिंतनाचा गाभा मला तिथंच वाटतो. मार्कंडेय स्वतःच्या बळानं वाचला नाही. तप होतं, चिरंजीवपद होतं, पोहणंही येत होतं. तरी थकलाच. विसावा मिळाला तो कोणीतरी नावानं हाक मारून आत घेतलं तेव्हा. परदेशात माणूस ‘घडतो’ असं आपण म्हणतो, जणू सगळा त्याचाच पराक्रम. पण कोणी आत घेतल्याशिवाय माणूस घडत नाही, आधी बुडतो.

आनंदीबाईंनाही कोणीतरी हाक मारली होती. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी एका मासिकात गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचला आणि ना ओळख ना देख, मदतीचं पत्र लिहिलं. आनंदीबाई बोटीतून उतरल्या त्या त्यांच्याकडेच गेल्या. त्या कार्पेंटरबाईंना मावशी म्हणत. फेब्रुवारी 1887 मध्ये, बावीस वर्षं पुरी व्हायच्या आधीच, आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेत पाठवल्या गेल्या आणि न्यू यॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथं कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून येईन म्हणणारी ही मुलगी दिलेल्या शब्दाप्रमाणे परत आली. आणि तरी तिचा एक भाग तिकडच्या मावशीच्या घरच्यांत राहिला. यात मला कुठं विरोध दिसत नाही.

माझ्याबाबतीत हाक तळमजल्यावरच्या आजींनी मारली. जर्मनीत बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव असतं, ते नसेल तर पत्र परत जातं. तिसऱ्या महिन्यात या आजींनी मला जिन्यात थांबवलं आणि म्हणाल्या, तुमचं नाव रोज बेलवर वाचते, पण मला ते नीट म्हणता येत नाही, शिकवा. कागद आणला, लिहून घेतलं, चार वेळा म्हणून पाहिलं. ‘ळ’ काही केल्या जमेना. पुढच्या आठवड्यात भेटल्या तेव्हा जमलेला होता. त्या दिवशी रात्री फोनवर मी बायकोला म्हटलं, ये आता, इथं राहता येईल.

आता चामोर्शीकडे येतो, कारण या सगळ्या शिकण्याची परीक्षा स्टुटगार्टला होत नाही, ती तिथं होते.

आपल्या चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत बंगाली वस्त्या आहेत. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत राहिले. 1958 मध्ये केंद्र सरकारनं त्यांच्यासाठी दंडकारण्य प्रकल्प सुरू केला, तो मुख्यतः कोरापूट आणि बस्तरकडे. 1960 च्या दशकात आपल्या तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातही कुटुंबं आणून वसवली गेली. गडचिरोली जिल्हा 1982 ला वेगळा झाला, तेव्हा ही माणसं इथं येऊन दोन दशकं होत आली होती. जरा कल्पना करा. पाण्याच्या, नावांच्या, मासळीच्या मुलखातली माणसं. त्यांना सागाच्या जंगलात आणून सोडलं आणि सांगितलं, हे तुमचं गाव. मी गेलो तो नोकरीचं पत्र घेऊन, परतीचं तिकीट खिशात ठेवून. त्यांना परतीचं तिकीटच नव्हतं. आमच्या शाळेत त्यांची मुलं होती. घरी बंगाली, आमच्याशी झाडीबोली, आणि परीक्षेत प्रमाण मराठी. तीन भाषांमधून रोज ये-जा. त्याला कोणी ‘कल्चर शॉक’ म्हटलं नाही, त्यावर पुस्तकं निघाली नाहीत.

माझे आजोबा आठवडी बाजारात धान्य विकायचे. त्यांच्या वहीत या लोकांची नावं होती. बाजारात बाकीचे ‘तो बंगाली’ म्हणायचे, आजोबा पूर्ण नाव लिहायचे, गावासकट. विचारलं तर म्हणायचे, “उधारी नावावर असते बाबू, जातीवर नाही.” त्यात फार मोठं तत्त्वज्ञान नव्हतं, हिशेबच होता. पण मूळ नावानं हाक मारणारा एक माणूस बाजारात आहे, हे त्या लोकांना किती पुरलं असेल, याचा अंदाज मला आता, बेलवर आपलं आडनाव पाहताना येतो.

आणि आपण तरी इथले आहोत का? जंगलाच्या आत माडिया आणि गोंड माणसं आपल्याही आधीपासून आहेत. त्यांचं मूल पहिलीत बसतं आणि गुरुजी मराठी बोलू लागतात, तेव्हा कोणतीही सीमा न ओलांडता ते मूल परदेशात असतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या शोधग्राममधला दवाखाना आपल्याकडच्या अनेकांनी पाहिलाय. मोठ्या इमारतीची आदिवासी माणसाला भीती वाटते, हे कळल्यावर त्यांनी लोकांनाच विचारलं आणि दवाखाना त्यांच्या गावासारखा, झोपड्यांचा केला. नावही त्यांच्या देवीचं, मां दंतेश्वरीचं. परका माणूस दारात आला तेव्हा ‘तू आमच्यासारखा हो’ म्हणण्याऐवजी यजमानानं आपलं नेसण बदललं.

तैत्तिरीय उपनिषदात शिष्याचं शिक्षण संपतं तेव्हा गुरू त्याला निघताना उपदेश करतात. आई, वडील आणि गुरू यांना देव मान, आणि पाहुण्यालाही. हे वाक्य आपण हॉटेलांच्या दारावर लावून टाकलंय. पण ते सांगितलंय कोणाला? घरोघरच्या यजमानांना नव्हे, आता बाहेर पडणाऱ्या मुलाला. जो स्वतः उद्या कोणाच्या तरी दारात परका म्हणून उभा राहणार आहे, त्याला. मला वाटतं, गुरूंना माहीत असावं की परकेपण भोगल्याशिवाय पाहुण्यातला देव दिसत नाही.

म्हणून परदेशात जाऊन माणूस वाढला का, हे त्याच्या इंग्रजी-जर्मनवरून किंवा पगारावरून ओळखू नये. गावी परत आल्यावर तो बाजारात कोणाला कोणत्या नावानं हाक मारतो, ते बघावं.

आता आईचा प्रश्न. पासपोर्ट हे नेसण की वचन? कसोटी लावून पाहिली. माझ्यासारख्या दोन्हीकडे घर असलेल्याला तो बराचसा नेसणासारखा वाटू शकतो, विमानतळावरच्या रांगेपुरता. पण चामोर्शीतल्या त्या वस्त्यांत अशी म्हातारी माणसं आहेत, की ज्यांनी एका कागदासाठी ट्रंकेत पन्नास वर्षं जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या आहेत. ज्याला कागद नव्हता त्याला विचारल्याशिवाय कागदाला हलकं म्हणू नये. त्यामुळे मी सही अजून केलेली नाही. करेन किंवा करणार नाही, आणि ते ठरवताना आईचं म्हातारपण, मुलीची शाळा, आणि माझं मत देण्याचं गाव, तिन्हीचं ओझं कोणावर जातं ते मांडून बघेन. एवढं मात्र आईला कळवलं आहे : कागद कोणत्याही सरकारचा असला तरी, चामोर्शीत माझ्यावर विसंबून असलेलं जे आहे, ते मी खाली ठेवणार नाही. ती म्हणाली, “मंग होय ते कर.”

मार्कंडेयाची गोष्ट संपते तिथं तो पांडवांना एक गंमत सांगतो. तो म्हणतो, त्या पाण्यात मला आत घेणारं जे मूल होतं, ते म्हणजे हाच, तुमच्या शेजारी बसलेला, तुम्ही ज्याला नातलग म्हणता तो जनार्दन. इतका वेळ देव त्यांच्याच पंक्तीत बसला होता.

आज दिवसभरात तुमच्या इमारतीतला वॉचमन, परप्रांतातून आलेला गवंडी, वर्गातलं नवीन मूल, कोणीतरी एक परकं माणूस नक्की भेटेल. त्याचं पूर्ण नाव विचारा. नीट म्हणता येईपर्यंत म्हणून बघा. आजचं वाचन एवढंच.

उद्या वनपर्व पुढे वाचू.

जय गुरुदेव!